अंदाज आभाळाचा, पूर ओढ्याचा

समजा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवामान खात्याच्या अंदाजात अशी एक ओळ आली: ‘पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह मध्यम ते मुसळधार पावसाची शक्यता.’ शेजारी यलो अलर्ट. ही ओळ वाचून आपण बहुतेकजण एवढंच ठरवतो की छत्री घ्यायची की नाही. पण या एका ओळीमागे चार वेगवेगळे धोके आहेत. वीज, वारा, गारा आणि पाणी. पहिले तीन थेट आभाळातून येतात, त्यामुळे हवामानशास्त्रज्ञ त्यांच्याबद्दल बरंच काही सांगू शकतो. चौथ्याबद्दल त्याला निम्मीच गोष्ट माहीत असते. पाऊस पडेल हे तो सांगतो. त्या पावसाचा लोंढा होईल का, हे तुमच्या भागातला उतार, ओढ्याची रुंदी आणि पुलाखालची मोरी ठरवते. ही उरलेली निम्मी गोष्ट वाचणाऱ्यालाच भरून काढावी लागते.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हेच घडलं. पुणेकरांच्या लेखी पूर म्हणजे १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. त्यामुळे पुराची भीती आजही धरणाशी आणि मुठेशी बांधलेली आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या वस्त्यांना सूचना जाते, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, मोबाईलवर क्यूसेकचे आकडे फिरू लागतात. त्या रात्री मात्र नदीने काही केलं नाही. कात्रजच्या डोंगरातून उतरणारा आंबिल ओढा काही तासांत फुगला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांतल्या सोसायट्यांत आणि वस्त्यांत शिरला. सीमाभिंती पडल्या, गाड्या एकमेकांवर चढल्या. शहरात आणि खेड-शिवापूरसारख्या आसपासच्या भागात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. ज्या ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून नानासाहेब पेशव्यांनी शहरात पाणी आणलं, त्याला एव्हाना बरेचजण नाला म्हणू लागले होते.

आता आभाळाकडची बाजू. गडगडाटी ढग तयार व्हायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. हवेत भरपूर बाष्प हवं. खालची हवा तापलेली आणि वरची थंड हवी, म्हणजे खालून सुटलेला हवेचा लोट मध्येच न थांबता वर चढत राहतो. आणि त्या लोटाला पहिला धक्का देणारं काहीतरी हवं. बातम्यांत ‘अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत कमी दाबाचा पट्टा आहे’ असं एक कंटाळवाणं वाक्य येतं, ते या धक्क्याबद्दल असतं. त्या पट्ट्यात दोन बाजूंचे वारे एकमेकांकडे येतात आणि हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. सह्याद्रीसारखा डोंगरही हेच काम करतो.

एकदा हवा वर निघाली की खरी गंमत सुरू होते. वर जाताना ती थंड होते, बाष्पाचं पाणी होतं, आणि पाणी होताना बाष्प आपल्यातली उष्णता सोडतं. त्या उष्णतेने लोट आणखी हलका होऊन आणखी वर जातो. म्हणजे ढग स्वतःचं इंधन स्वतःबरोबर घेऊन चढतो. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जाऊ शकतो. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात बर्फ असतो, आणि बर्फाचे हलके स्फटिक व जड कण एकमेकांवर आपटत राहिल्याने विद्युतभार वेगळे होतात. वीज तिथे जन्मते. शेवटी पाणी आणि बर्फाचं वजन लोटाला पेलेनासं होतं, पाऊस खाली येतो, सोबत थंड हवा खाली ओढून आणतो आणि ढगाचा पायाच कापला जातो. एका सुट्या ढगाचं आयुष्य बहुधा अर्धा ते एक तास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण अंदाज इतका मोघम का असतो याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

चार धोके एकाच ढगातून येतात, पण कुठला वरचढ ठरेल ते महिना ठरवतो. मार्च-एप्रिलमध्ये हवेत शून्य अंश तापमानाची पातळी त्यामानाने खाली असते, म्हणून गारा वितळायच्या आत जमिनीवर पोचतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या रब्बीची जी माती झाली ती या गारांनी. मे महिन्यात खालची हवा कोरडी असते. वरून निघालेले थेंब वाटेतच वाळू लागतात, आणि वाळताना भोवतालची हवा थंड करतात. थंड हवा जड. ती धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पाऊस यायच्या आधी जो गार, धुळीचा झोत अंगावर येतो तो हाच. वळवाचा तो झोत आपल्याला सुखावतो खरा, पण तो किती जोराचा असू शकतो ते १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. तिथल्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. होर्डिंग बेकायदा होतं, ही जबाबदारी माणसांची. पण त्या दिवशी मुंबईकरांची नजर पावसाकडे होती आणि घात वाऱ्याने केला, हेही खरं.

सप्टेंबर-ऑक्टोबरची गोष्ट निराळी. मोसमी वारे मंदावलेले असतात, ऊन पुन्हा चटका देऊ लागतं, आणि चार महिन्यांच्या पावसाने हवा खालपासून वरपर्यंत ओली असते. थेंब वाटेत वाळत नाहीत. ढगातलं बरचसं पाणी जमिनीपर्यंत पोचतं. त्यात वरच्या थरातले वारे संथ, त्यामुळे ढग पुढे सरकत नाही. जिथे उभा राहतो तिथेच रिकामा होतो. त्याच्यातून उतरलेली थंड हवा शेजारच्या उष्ण हवेला वर ढकलते आणि तिथे दुसरा ढग उभा राहतो. कधीकधी एकामागून एक ढग त्याच पाणलोटावरून जातात. दुपारी निरभ्र असलेलं आभाळ, संध्याकाळी पश्चिमेला चढलेला काळा ढीग आणि रात्री दोन तासांत महिन्याभराचा पाऊस, हा हस्त नक्षत्राच्या आगेमागे आपल्याकडे ठरलेला खेळ आहे. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण ज्याने केली, त्याने सप्टेंबरात घाटाच्या पायथ्याशी मुक्काम केलेला नसावा.

अंदाजातले शब्द

हवामान खात्याचे शब्द बोलीभाषेसारखे वाटतात, पण प्रत्येकाला माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.५ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. इथे एक गोंधळ कायम होतो. महसूल खातं मंडळात ६५ मिलिमीटर पडले की अतिवृष्टी झाली म्हणतं आणि पंचनाम्याचा विचार सुरू होतो. हवामान खात्याच्या लेखी तो नुसता मुसळधार असतो. ढगफुटीचं मापही ठरलेलं आहे: तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक. वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात जितक्या ढगफुट्या होतात, त्यातल्या फार थोड्या या कसोटीला उतरतील.

पण या मापांची मोठी अडचण आहे ती चोवीस तासांची. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा पाऊस मोजतात. ८० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर भातखाचरं भरतील आणि लोक खूश होतील. तेच ८० मिलिमीटर रात्री दहा ते अकरा पडले तर ओढा घरात येईल. अंदाजात दोन्हीला एकच शब्द आणि बहुतेक वेळा एकच रंग. म्हणून ओळीत ‘मेघगर्जनेसह’ किंवा ‘विजांच्या कडकडाटासह’ आहे का ते आधी बघावं. हे शब्द असले तर पाऊस गडगडाटी ढगाचा आहे, म्हणजे तो थोड्या वेळात, जोराने पडणार. आषाढातल्या झडीच्या १०० मिलिमीटरपेक्षा हे ७० मिलिमीटर शहराला जड जाऊ शकतात.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. हे विस्ताराचं माप आहे, जोराचं नाही. आपण मात्र ते ‘थोडासा’ असं वाचतो. जिथे पडेल तिथे तो कोसळू शकतो, आणि दहा किलोमीटरवर रस्ताही ओला होत नाही. याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण २६ जुलै २००५ चं: चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७०-७५. एका टोकाला बसलेल्या माणसाला दुसऱ्या टोकाला काय चाललंय याची कल्पनाही नव्हती.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पण रंग ठरवताना दोन गोष्टी एकत्र बघतात: घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर फटका किती. त्यामुळे पिवळ्याचे दोन अर्थ संभवतात. एक, किरकोळ त्रास होण्याची बरीच शक्यता. दोन, मोठा त्रास होण्याची थोडी शक्यता. रंग दोघांनाही एकच. गडगडाटी पावसाच्या दिवसांत पिवळा बहुतेकदा दुसऱ्या प्रकारचा असतो, असं माझं मत आहे. ‘काल पिवळा होता आणि काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. काहीतरी झालं असेल, दुसऱ्या तालुक्यात.

जिल्ह्यापेक्षा बारीक सांगता का येत नाही, हा प्रश्न रास्त आहे. अंदाज देणारी संगणकीय प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात. भारतात बरीच वर्षं हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ वापरात आली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा. गडगडाटी ढगाचा गाभा पाच-दहा किलोमीटरचा असतो. तो नीट दिसायचा तर त्याच्या अंगावर असे अनेक चौकोन बसायला हवेत. म्हणजे सुधारणा मोठी आहे, तरी उद्या संध्याकाळी ढग कात्रजवर उभा राहील की सासवडवर, हे आज सांगणं कुणालाच जमत नाही. उद्याच्या दिवशी असे ढग होण्याजोगी हवा आहे, इतकंच खात्रीने सांगता येतं.

ढग एकदा उभा राहिला की चित्र बदलतं. डॉप्लर रडार त्यातले थेंब आणि त्यांची चाल बघतं, उपग्रह माथ्याचं तापमान बघतो, वीज टिपणारी जाळी कडाडणं नोंदवते. यावरून पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा इशारा निघतो. त्याला नाऊकास्ट म्हणतात. रडारलाही मर्यादा आहेत. त्याची लहर सरळ जाते आणि पृथ्वी वक्र आहे, त्यामुळे दूरवरच्या ढगाचा वरचा भागच तिला दिसतो. मध्ये डोंगर आला तर पलीकडचं झाकलं जातं. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना ही अडचण कायमची आहे. तरीही आदल्या दिवशीची जिल्ह्याची ओळ आणि त्या घटकेचा तीन तासांचा इशारा यांत निवड करायची झाली, तर दुसऱ्यावर जास्त विसंबावं. गडबड इतकीच की तो बरेचदा रात्री येतो आणि आपण फोन मुका करून झोपलेलो असतो.

जमिनीवरचा हिशेब

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी झालं. आता दहा चौरस किलोमीटरचा, म्हणजे अगदी छोटा, डोंगरउतारावरचा पाणलोट घ्या. त्यावर दोन तासांत १०० मिलिमीटर पाऊस. झाले १०० कोटी लिटर. हे सगळं दोन तासांत वाहून जायचं म्हटलं तर प्रवाह येतो सेकंदाला सुमारे १४० घनमीटर, आपल्या ओळखीच्या भाषेत जवळजवळ पाच हजार क्यूसेक. थोडं मुरलं, थोडं साचलं असं धरून निम्मं कापा, तरी अडीच हजार. धरणातून एवढा विसर्ग नदीत सोडायचा तर आधी कळवतात. इथे तो एका ओढ्यात येतो, जो ओलांडायला एरवी चार पावलं लागतात, आणि कळवणारं कुणी नसतं.

मुरण्याचा भाग तर दिवसेंदिवस कमी होतो. शहरात काँक्रीटमुळे, हे सगळे बोलतात. गावाकडे काळ्या मातीचं वागणंही बघण्यासारखं आहे: उन्हाळ्यात तिला भेगा असतात तेव्हा ती पाणी पिते, पण भिजून फुगली की भेगा मिटतात आणि वरचं पाणी तशीच वाहू देते. म्हणून जूनमधला पहिला जोराचा पाऊस जिरतो आणि सप्टेंबरातला तेवढाच पाऊस नदी-ओढ्यांना येतो. आदल्या दोन-तीन दिवसांत किती पडलं, हे म्हणूनच आजच्या अंदाजाइतकं महत्त्वाचं.

त्यात भर मोऱ्यांची. पुलाखाली फांद्या, गाद्या, प्लास्टिक अडकलं की तो पूल थोड्या वेळापुरता बंधारा होतो. मागे पाणी चढत जातं, मग अडसर निघतो किंवा शेजारची भिंत फुटते, आणि साठलेलं सगळं एकदम खाली येतं. अशा वेळी पाणी ‘वाढत’ नाही, भिंतीसारखं येतं. नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची वस्ती झोपेतच पाण्यात सापडली. लोकांना काढायला लष्कराला यावं लागलं. तलावाचा सांडवा, त्यापुढचं पात्र आणि पात्रातली बांधकामं यांचा हिशेब पावसाच्या अंदाजात कुठेच नसतो.

कोल्हापूरच्या पुराशी याची तुलना करून बघा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका; आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पाणी तासाला काही इंचांनी चढतं, जनावरं हलवायला, सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. २०१९ च्या ऑगस्टमधला तो पूर भयंकर होता, पण तो येताना दिसत होता. ओढ्याचा पूर पाऊस सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत येतो, शहरात कधी तासाभरात. ओढ्यावर ना पाणी मोजायची पट्टी, ना इशारा पातळी, ना कुणाची ड्यूटी.

ही दरी भरायचे प्रयत्न चालू आहेत. २०२० पासून हवामान खातं भारत आणि शेजारच्या देशांसाठी अचानक येणाऱ्या पुरांबाबत मार्गदर्शन देतं. त्यात लहान लहान पाणलोटांचा हिशेब असतो: माती आधीच किती भिजली आहे आणि आता आणखी किती पाऊस पडला तर प्रवाह काठाबाहेर जाईल. पुढच्या सहा तासांचा धोका वेगळा आणि चोवीस तासांचा वेगळा काढतात. मुंबईसाठी त्याच वर्षी ‘आयफ्लोज’ नावाची स्वतंत्र पूरइशारा व्यवस्था सुरू झाली, तिच्यात भरतीचाही हिशेब आहे. चांगलं आहे, पण मोरीत अडकलेली गादी कुठल्याही संगणकाला दिसत नाही. ती वॉर्डातल्या माणसालाच दिसते, आणि त्याने ती पावसाच्या आधी काढायची असते.

मग अंदाज वाचून करायचं काय? विजेपासून सुरुवात करतो, कारण देशात नैसर्गिक आपत्तींत सर्वाधिक माणसं तीच मारते; सरकारी नोंदींनुसार २०२२ मध्ये २,८८७. हवेत आवाज किलोमीटरभर जायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकली आणि तीस सेकंदांच्या आत गडगडलं, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शेतात एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. जनावरंही तिथे बांधू नयेत. उघड्यावर सापडलात तर पावलं जुळवून उकिडवे बसा, आडवं पडू नका. ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवतं, ते मोफत आहे आणि गावाकडच्या प्रत्येक फोनमध्ये असायला हवं.

वाऱ्यासाठी तयारी पाऊस यायच्या आधी करावी लागते: पत्रे, होर्डिंग, जुनी झाडं यांच्यापासून लांब गाडी लावणं, गच्चीवरचं सुटं सामान बांधणं. गार झोत आला म्हणजे ढग डोक्यावर आला, तेव्हा हातात काही मिनिटंच असतात.

पाण्याच्या बाबतीत घोट्याच्या थोडं वर, सहा इंच वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. एक फूट पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत जीपसारखी मोठी गाडीही वाहून जाते. गाडी जड असते म्हणून ती सुरक्षित, हा समज पुलावरच्या पाण्यात अनेकांना महागात पडलाय. रात्री तर रस्ता खालून वाहून गेला आहे की नाही हेही दिसत नाही. तळघरात पाणी शिरताना दुचाकी काढायला उतरू नये. दार एकदा पाण्याने दाबलं गेलं की आतून उघडत नाही.

आणि एक काम कोरड्या दिवशी करून ठेवण्यासारखं. आपल्या घराजवळचा ओढा कुठून येतो ते नकाशावर बघा आणि वरच्या अंगाला राहणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा नंबर घ्या. आपल्याकडे आभाळ कोरडं असेल आणि तो म्हणाला की आमच्याकडे तासभर धो धो चाललाय, तर गाड्या वर काढायची वेळ झाली आहे.